नाउरूला साथ उशिरा पोचली

स्प्रिंगफील्ड लेक्स

नाउरूला चाललेय असं सांगितलं की समोरचा माणूस विचारायचा, "ते कुठे आलं?" मलाही महिनाभर आधी ठाऊक नव्हतं. ब्रिस्बेनहून विमानाने पाच-एक तास ईशान्येला गेलं की पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून एक ठिपका आहे, तो म्हणजे नाउरू. ठिपका असला तरी तो स्वतंत्र देश आहे. त्याला राष्ट्राध्यक्ष आहे, संसद आहे, झेंडा आहे. ब्रिस्बेनजवळच्या आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये माणसं त्याहून जास्त राहतात.

मी नर्स आहे. मूळची नागपूरच्या इंदोऱ्यातली. अ‍ॅडलेडला मॉसन लेक्सला शिकायला आले, वृद्धाश्रमात शिफ्ट करून फी भरली, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर ब्रिस्बेनला आले आणि इथेच राहिले. साथीची पहिली दोन वर्षं मी कोविड वॉर्डात काढली. तिसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियातले लोक मास्क गाडीच्या आरशाला लटकवून विसरून जायला लागले होते, तेव्हा एजन्सीचा फोन आला. नाउरूला काही महिन्यांसाठी कोविडचा अनुभव असलेल्या नर्सेस हव्या होत्या.

"तिथे केसेस किती आहेत?" मी विचारलं.

"गावात एकही नाही. आत्तापर्यंत जे सापडले ते क्वारंटाइनमध्येच सापडले."

"मग आम्ही कशाला?"

"कारण आता सीमा उघडणार आहेत. आज ना उद्या येणारच."

मी हो का म्हटलं, हे प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नीट सांगता आलं नाही. तो म्हणाला, "दोन वर्षं थकलीस ना? मग सुट्टी घे. आणखी तेच करायला दुसऱ्या देशात कशाला?" त्याचं बरोबर होतं. पण जगात एक जागा अजून अशी उरली होती जिथे ही गोष्ट घडलीच नव्हती, आणि ती जागा मला एकदा बघायची होती. माझी दहा वर्षांची मैत्रेयी म्हणाली, "आई, दे हॅव लाइक, वन रोड. आय गूगल्ड इट." मग तिने माझ्या बॅगेत तिचं सनस्क्रीन टाकलं. मी माझ्या हाताने सावजी मसाल्याचं पाकीट टाकलं. परदेशात जाताना नागपूरचा माणूस आणखी काय नेणार?

खोलीतून दिसलेला देश

उतरल्याबरोबर आम्हाला हॉटेलात नेऊन कोंडलं. एवढी वर्षं मी इतरांना कोंडत आले होते, आता माझी पाळी होती. खोली समुद्राच्या बाजूची होती. जेवण दाराबाहेर ठेवायचे, टकटक करायचे आणि मी दार उघडेपर्यंत ठेवणारा दूर गेलेला असायचा. भात, कोबी, कोंबडीचा तुकडा. नाउरूत उगवतं फार थोडं. तांदूळ, कांदे, पिठाच्या पिशव्या सगळं बोटीने येतं, बोट उशिरा आली की दुकानातली मांडणी रिकामी होते.

खिडकीतून दिसायचा तो एकच रस्ता. पाण्याच्या कडेने जाणारा, बेटाला वळसा घालून पुन्हा त्याच ठिकाणी येणारा. लाल स्कूटरवरची एक बाई सकाळी डावीकडून उजवीकडे जायची आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा डावीकडूनच यायची. मला वाटायचं, हिला काहीतरी काम असेल. नंतर कळलं की इथे संध्याकाळी किंवा सकाळी 'एक चक्कर मारणं' हाच विरंगुळा. आम्ही नागपूरला फुटाळा तलावावर जायचो, तसं.

चक्कर

खोलीतून सुटले त्या दिवशी मला घ्यायला रोझलिन आली. तिथल्या दवाखान्यातली नर्स, माझ्याच वयाची, धिप्पाड, हळू बोलणारी. (इथल्या माणसांची नावं मी बदलली आहेत. देश एवढा लहान आहे की खरं नाव लिहिलं तर घरापर्यंत पोचता येईल.) तिने गाडीचं दार उघडलं आणि मला मिठीच मारली. मी ताठ उभी राहिले. दोन वर्षांत घरच्यांखेरीज मला कुणी असं धरलं नव्हतं.

"सॉरी," ती म्हणाली. "तुम्ही लोक अजून घाबरता, मी विसरलेच."

आम्ही चक्कर मारली. वाटेत एका ठिकाणी गाड्या थांबल्या, कारण विमान येणार होतं आणि धावपट्टी रस्त्याला लागूनच आहे. थांबलेल्या सगळ्या गाड्यांतून लोक एकमेकांशी बोलायला उतरले. रोझलिनला त्यातले सगळे ओळखत होते. एका बाईने माझं नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एका अनोळखी माणसाने मला 'सुजाता' म्हणून हाक मारली.

मग ती मला बेटाच्या मधल्या भागात वर घेऊन गेली. त्याला ते 'टॉपसाइड' म्हणतात. शंभरेक वर्षं इथलं फॉस्फेट खणून जगभरच्या शेतांत खत म्हणून पसरलं गेलं, त्यात ऑस्ट्रेलियाची शेतंही आली. खणून झाल्यावर मागे राहिले ते प्रवाळाचे करडे सुळके, माणसाच्या दुप्पट उंचीचे, एकमेकांना खेटून उभे. मधल्या फटींत पाय ठेवायला जागा नाही. वारा तापलेला होता. एवढ्याशा देशाचं सगळं पोट असं उकरून काढलेलं होतं.

"आमच्याकडे अंगम नावाचा सण असतो," रोझलिन म्हणाली. "माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं ते असं. शंभर वर्षांपूर्वी बाहेरच्या बोटींबरोबर इन्फ्लुएंझा आला आणि बेटावरची कितीतरी माणसं गेली. तेव्हा जाणत्यांनी ठरवलं की नाउरूच्या लोकांची संख्या पंधराशेच्या खाली राहिली तर आपली जात पृथ्वीवरून पुसली जाईल. मग पंधराशेचा आकडा गाठायची वाट बघत राहिले. ज्या बाळाने तो गाठला ते जन्माला आलं त्या दिवशी सगळ्या बेटाने सण केला. पुढे महायुद्धात जपान्यांनी अर्ध्याहून अधिक लोकांना दुसऱ्या बेटावर नेलं, त्यातले बरेच परतले नाहीत. आकडा पुन्हा खाली आला. पुन्हा वाट, पुन्हा बाळ, पुन्हा सण.

"अंगम म्हणजे घरी पोचणं," ती म्हणाली. "माझी आई दुसऱ्या अंगमच्या वेळी तान्ही होती. म्हणून ती म्हणते, मी मोजलेली आहे."

मी दीडशे कोटींच्या देशातून आलेली. एक बाळ जन्मलं म्हणून अख्खा देश थांबला, हे समजून घ्यायला मला ती सगळी उतरण लागली.

वाढदिवस

शनिवारी रोझलिनच्या भाच्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. नाउरूत पहिला वाढदिवस आपल्याकडच्या लग्नासारखा करतात. मांडव, फुगे, डुकराचं मांस, नारळाच्या दुधातली कच्ची मासळी, आणि माणसं, माणसं. सगळे एका सुरात गायला लागले. बाळाला या हातातून त्या हातात देत होते, जो घेईल तो तिच्या गालाचा मुका घेत होता.

मी मांडवाच्या बाहेर उभी राहिले. सवयच लागली होती, माणसांची गर्दी दिसली की दाराशी थांबायचं. मी त्या सगळ्या उघड्या तोंडांकडे बघत राहिले. जग असं होतं, तीनच वर्षांपूर्वी. आम्हीही असेच एकमेकांच्या ताटातलं खात होतो.

एक म्हातारी बाई प्लास्टिकच्या खुर्चीतून मला बघत होती. पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, सुजलेल्या पायांत रबरी सपाता. तिने मला बोटाने बोलावलं.

"तू रोझलिनची ऑस्ट्रेलियन."

"मी भारतातली आहे."

"मग आणखी लांबची. बस. ते तोंडावरचं काढ आणि खा."

ही रोझलिनची आई, एलिझा. मी मास्क काढून खाल्लं. मासळीला लिंबू लावलेलं होतं आणि नारळाच्या दुधाने ती जिभेवर लोण्यासारखी लागली. माझं ताट रिकामं झालं की एलिझा न विचारता त्यात आणखी वाढायची. या बाबतीत इंदोरा आणि नाउरू यांच्यात मला काहीच फरक दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात मी सावजी मसाल्याने परतफेड केली. इथले लोक संध्याकाळी लांब दांड्याच्या जाळ्यांनी नॉडी नावाचे काळे समुद्रपक्षी धरतात. रोझलिनच्या भावाने चार आणून दिले. मी ते साफ केले आणि आपल्या कोंबडीसारखा तर्रीदार रस्सा केला. घरभर ठसका उठला. भावाने पहिला घास घेतला, उठला, बाहेर गेला, नळाखाली डोकं धरलं आणि परत येऊन पुन्हा बसला. एलिझा मात्र शांतपणे दोन वाट्या भरून रस्सा प्यायली. "याने सर्दी जाईल," ती म्हणाली. तिला सर्दी झालेलीच नव्हती.

आली

ती आली त्या सकाळी मी नव्या मुलींना ऑक्सिजनची नळी कशी बसवायची ते शिकवत होते. रोझलिन दारात येऊन उभी राहिली.

"गावात केस सापडली," ती म्हणाली. "प्रवास न केलेल्या माणसाला."

एका मुलीने हातातली नळी तशीच गुंडाळून खिशात ठेवली. मग आम्ही ठरल्याप्रमाणे कामाला लागलो.

मोठ्या देशात साथ बातमीतून येते. आधी दुसरं राज्य, मग दुसरं शहर, मग दुसरा मोहल्ला. नाउरूला लांब असं काही नाहीच. रेडिओवर सांगितलं तेव्हा ती सगळ्यांच्या शेजारी आलेली होती. थोड्याच दिवसांत दर घरात कुणी ना कुणी खोकत होतं. शाळा बंद झाल्या, चर्च बंद झालं, रस्त्यावरची चक्कर बंद झाली. लस बहुतेकांनी घेतलेली होती, त्यामुळे बहुतेकांचं ताप-अंगदुखीवर निभावत होतं. पण मधुमेह या बेटावर घरोघर आहे, किडनीचे रुग्ण पुष्कळ, आणि धास्ती त्यांचीच होती. दवाखान्यात काम करणारी माणसंही याच घरांतून येणारी. एक एक करून तीही आजारी पडायला लागली. मला कोविड ब्रिस्बेनलाच होऊन गेलेला होता, म्हणून मी उभी होते.

प्रशांतने व्हिडिओ कॉल केला. "कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय ना तुझं?"

"वाढवलं."

तो म्हणायला लागला, "विचारून तरी..." मग म्हणाला, "बरं. नो वरीज. आम्ही बघू इथलं. तू जेवतेस ना?"

मागून मैत्रेयीचा आवाज आला, "टेल हर आय लॉस्ट अ टूथ."

त्याच आठवड्यात रोझलिन पॉझिटिव्ह आली. घरातच वेगळ्या खोलीत राहिली. फोनवर खोकल्याची उबळ जाईपर्यंत तिला बोलता येईना. मग म्हणाली, "माझ्या आईकडे बघशील? ती माझ्या भावाकडे आहे, बुआडाला. ती म्हणते, मला काही झालं नाही. म्हणजे तिला नक्की झालंय."

बुआडा

बेटाच्या आतल्या भागात बुआडा नावाचं एक तळं आहे, भोवती नारळ आणि केळी. करड्या सुळक्यांच्या मधोमध अचानक हिरवं. तिथल्या कुत्र्यांनी मला गाडीतून उतरू दिलं नाही. चार-पाच जणांची ती टोळी दाराला वेढा घालून बसली, आणि शेवटी रोझलिनच्या भावाने, स्वतः तापाने फणफणलेला असताना, काठी घेऊन येऊन मला आत नेलं.

एलिझा चटईवर भिंतीला टेकून बसली होती. झोपता येत नव्हतं, झोपलं की धाप लागायची. मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा बघितला आणि दुसऱ्या बोटाला लावला. तोच आकडा. तो घरी राहण्यासारखा नव्हता.

"दवाखान्यात जाऊ या," मी म्हटलं.

"नाही."

"ऑक्सिजन कमी आहे तुमचा. इथे माझ्याकडे काही नाही."

"माझ्याकडे आहे सगळं," ती म्हणाली. धाप लागत असल्यामुळे ती दोन-दोन शब्दांनी बोलत होती. "माझा मुलगा आहे. तळं आहे."

मी तिच्याजवळ खाली बसले. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानेही समजावलं होतं बहुतेक, कारण त्याने माझ्याकडे बघून हात उडवले.

मग एलिझाने तिच्या आईची गोष्ट सांगितली, थांबत थांबत. इन्फ्लुएंझा आला तेव्हा तिची आई लहान मुलगी होती. एकाच चटईवर ती आणि तिची बहीण तापात पडलेल्या. घरात उठू शकणारं कुणीच नव्हतं. बहीण कधीतरी गेली. आईला ते कळलंच नाही, ती तिच्याशी बोलत राहिली. "पण शेजारी होती," एलिझा म्हणाली. "बोलत होती. दवाखान्यात तुम्ही काचेआड ठेवता. टीव्हीवर बघितलंय मी. तुमच्या देशांत माणसं काचेआड मेली."

मी खोटं बोलू शकले नाही. "हो," मी म्हटलं. "माझे बाबा तसेच गेले."

मी हे कामावर कधी कुणाला सांगत नाही. पण तिने सांगितलं होतं, म्हणून मीही सांगितलं. दुसऱ्या लाटेत नागपूरला बाबांना कोविड झाला. माझ्या भावाने व्हिडिओवर त्यांचं बोट दाखवलं, ऑक्सिमीटर लावलेलं. मी ब्रिस्बेनहून म्हटलं, अ‍ॅडमिट करा. ते बरोबरच होतं, आजही तेच म्हणेन. पुष्कळ फिरल्यावर एका ठिकाणी बेड मिळाला. दारातून त्यांना स्ट्रेचरवर आत नेलं, त्यानंतर घरातल्या कुणी त्यांना पाहिलं नाही. ऑस्ट्रेलियाने तेव्हा भारतातून येणारी विमानंच बंद केलेली. गेले असते तर परत कधी येता आलं असतं ठाऊक नाही, आणि गेले असते तरी त्या दारापलीकडे मलाही सोडलं नसतं.

"त्याच्याजवळ कोण होतं?" एलिझाने विचारलं.

"कुणी नाही. म्हणजे, असेल एखादी नर्स. तिचं नाव आम्हाला माहीत नाही."

"तुझ्यासारखी."

"असेल."

"तिने त्याचा हात धरला असेल?"

माझ्या वॉर्डात मी किती हात धरले आणि किती वेळा दुसऱ्या बेडवरचा अलार्म वाजला म्हणून सोडले, ते मला आठवलं. "वेळ मिळाला असेल तर," मी म्हटलं.

रोझलिनचा भाऊ दारातून निघून गेला. तो बाहेर कुत्र्यांवर ओरडल्याचा आवाज आला. एलिझाने डोळे मिटून थोडे श्वास घेतले.

"मी आले तर," ती म्हणाली, "तू शिफ्ट संपली की जाशील?"

"रोझलिन बरी होऊन येईपर्यंत मी थांबेन."

"दुसरा बेड ओरडला तर?"

"तर जाईन," मी म्हटलं, "आणि परत येईन."

हे तिला पटलं असावं. मी नाही जाणार म्हटलं असतं तर पटलं नसतं, असं मला तेव्हाही वाटलं. ती म्हणाली, "माझी उशी घे. तुमच्या उश्या प्लास्टिकच्या असतात."

वॉर्ड

पहिले दोन दिवस ठीक गेले. ऑक्सिजनवर आकडा वर आला, साखर मात्र वर-खाली होत राहिली. शिफ्ट संपली की मी गाऊन बदलून तिच्या बेडजवळ खुर्ची घ्यायचे. ती मला नाउरूच्या भाषेतले शब्द शिकवायची. 'तुब्वा कोर' म्हणजे आभार. माझा उच्चार ऐकून ती मास्कच्या आत हसायची आणि मग खोकायची, म्हणून मी शिकणं थांबवलं.

खिडकीबाहेर झाडाखाली तिचं कुटुंब बसायला लागलं. ज्यांचा ताप उतरून दिवस भरले होते तेवढेच, एकमेकांपासून लांब लांब. आधी दोघं, मग पाच, मग बरेच. दुपारच्या उन्हात ते भजनं म्हणायचे. वॉर्डातले इतर रुग्णही कुशीवर वळून ऐकायचे, कारण झाडाखाली त्यांचंही कुणी ना कुणी होतंच. ब्रिस्बेनला आम्ही नातेवाइकांना आयपॅडवर दाखवायचो. तेही चांगलंच होतं. पण इथे खिडकी उघडी ठेवता येत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा आकडा घसरला. ऑक्सिजन वाढवला, तरी घसरला. डॉक्टर आला, त्याने ऐकलं, एक्स-रे बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पालथं झोपवू या. नाही जमलं तर विमानाने ब्रिस्बेन." तिचं वजन, तिचे पाय, तिची कंबर, सगळं पालथं झोपण्याच्या विरुद्ध होतं. आम्ही चौघींनी तिला वळवलं, छातीखाली तिची स्वतःची उशी दिली. तिचं तोंड माझ्या बाजूला होतं.

"ब्रिस्बेनला नको," ती म्हणाली.

"बोलू नका."

"तिथे कोण आहे माझं?"

"मी राहते तिथे," मी म्हटलं. "माझा नवरा आहे, मुलगी आहे. डाळभात मिळेल."

तिने यावर विचार केला. "तो लाल रस्सा?"

"तोही."

तिने माझा हात धरला. पलीकडचा मॉनिटर वाजला, मी गेले, परत आले. पुन्हा वाजला, पुन्हा गेले, परत आले. दर वेळी तिचा हात बेडच्या कडेवर तसाच उघडा ठेवलेला असायचा. बाहेर गाणं चाललेलं होतं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा आकडा एकाने वर सरकला. मी मशीन बिघडलं असेल म्हणून दुसरं लावलं. त्यावरही तोच. दिवे लागेपर्यंत आणखी दोनाने वर आला.

त्या आठवड्याच्या शेवटी रोझलिन आली, चार-पाच किलोंनी उतरलेली. तिने आईला पाहिलं, मला उठवून माझ्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आता तू जाऊन झोप." मी गेले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उठले नाही.

निरोपाचं जेवण

साथ जशी एकदम चढली तशी एकदम उतरली. जवळजवळ सगळ्या बेटाला एकदा होऊन गेलं होतं, आता तिला जायला घरच उरलं नव्हतं. रस्त्यावर चक्कर मारणाऱ्या गाड्या पुन्हा दिसू लागल्या. लाल स्कूटरवाली बाईही दिसली.

माझ्या विमानाच्या आदल्या दिवशी बुआडाला जेवायला बोलावलं. तळ्याच्या काठी चटया अंथरल्या होत्या. एलिझा खुर्चीत बसली होती, झगा आता तिला सैल होत होता. रोझलिनच्या भावाने मासे भाजले होते. उरलेला सावजी मसाला मी पाकिटासकट त्याच्या बायकोच्या हातात दिला, तेव्हा तो म्हणाला, "हे कुलपात ठेव."

जेवायच्या आधी कुणीतरी प्रार्थना म्हणतं. सगळे एलिझाकडे बघायला लागले. ती माझ्याकडे बघत होती.

"तुझ्या बापाच्या वेळी कुणी बोललं?" तिने विचारलं.

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन करतात. माणसं जमतात, त्रिशरण-पंचशील होतं, मग ज्याला आठवेल तो गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. बाबांचं आम्ही झूमवर केलं. काका बोलत होते तेव्हा नागपूरची लाइट गेली, आणि माझी पाळी यायच्या आत सगळं संपलं. एवढं मी तिला सांगितलं.

"मग इथे बोल," ती म्हणाली. "आम्ही बसलोय."

"तुम्हाला कळणार नाही. मराठीत आहे."

"आम्हाला कळायला कशाला हवं?"

मी रोझलिनकडे बघितलं. तिने मान हलवली. मुलांना गप्प बसवलं गेलं. मी चटईवर उभी राहिले, मग उभं राहणं बरं वाटेना म्हणून गुडघ्यांवर बसले आणि हात जोडले. आधी त्रिशरण म्हटलं, कारण ते तोंडात येतं. मग बोलले. माझे बाबा पोस्टात होते. सायकलवरून जायचे आणि पावसाळ्यात पत्रांची पिशवी आपल्या शर्टाच्या आत घालायचे, स्वतः भिजले तरी चालेल. मला नर्सिंगला पाठवायचं म्हटलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरीला दुसऱ्यांची घाण काढायला लावता? बाबा म्हणाले, कुणीतरी काढतंच ना, माझी मुलगी शिकून काढेल. त्यांना खूप मोठ्याने शिंका यायच्या. त्यांचं नाव भीमराव होतं. ते बेडवर गेले तेव्हा त्यांच्याजवळ जी कुणी होती, तिचंही भलं होवो.

वीसेक माणसं मान खाली घालून ऐकत होती. एकाही शब्दाचा अर्थ त्यांना कळत नव्हता. एक लहान मूल मध्येच 'भीमराव' असं पुटपुटलं, कारण तो शब्द मी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी थांबले. आमच्याकडे शेवटी सगळे 'साधू, साधू, साधू' म्हणतात.

एलिझाने डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले.

मग तिने मुलाला हाक मारली, आणि त्याने भाजलेला पहिला मासा माझ्या ताटात ठेवला.